दूरध्वनीवरची अटक

सकाळची वेळ. घरात एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची पत्नी अशी दोघेच. मुलगा बंगळुरूला नोकरीस, मुलगी परदेशी. दूरध्वनी वाजतो. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, "दोन तासांत आपला क्रमांक बंद करण्यात येत आहे. अधिक माहितीसाठी नऊ दाबा." नऊ दाबताच एक अत्यंत सौजन्यशील तरुण बोलू लागतो. तो दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा कर्मचारी असतो, निदान तसे तो म्हणतो. गृहस्थांच्या नावावर मुंबईत दुसरा एक क्रमांक घेतला गेला असून त्यावरून लोकांना अश्लील संदेश पाठवले जात आहेत, अशी तक्रार आलेली असते. "असा कोणताही क्रमांक मी घेतलेला नाही," गृहस्थ सांगतात. "मग सर, आपल्या आधारपत्राचा कोणीतरी गैरवापर केलेला दिसतो. आपण ताबडतोब मुंबई पोलिसांकडे तक्रार नोंदवावी, हे बरे. मी इथूनच जोडून देतो."

येथवर भीती दाखवलेली नाही, उलट मदतीचा हात पुढे केलेला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. यानंतर चित्रसंवाद सुरू होतो. पडद्यावर गणवेशातील अधिकारी, मागे राष्ट्रध्वज, भिंतीवर पोलीस दलाचे बोधचिन्ह, मधूनच बिनतारी यंत्राची खरखर. अधिकारी गृहस्थांचा आधार क्रमांक स्वतःच वाचून दाखवतो आणि तो बरोबर असतो. मग त्याचा सूर बदलतो. त्या आधार क्रमांकावर उघडलेल्या बँक खात्यातून काळ्या पैशाचे मोठे व्यवहार झाले असून अटकेचा हुकूम निघाला आहे! हुकूम मोबाइलवर येतोही. त्यावर शिक्का असतो, सही असते, न्यायालयाचे नाव असते. "आपले वय पाहून आम्ही आपल्याला कोठडीत न नेता घरीच ठेवत आहोत. दार लावून घ्या. कॅमेरा बंद करायचा नाही. ही राष्ट्रीय सुरक्षेची बाब आहे. मुलांना, शेजाऱ्यांना, कोणालाही काही सांगितलेत तर त्यांनाही आरोपी करावे लागेल."

गृहस्थ उठतात आणि दाराला आतून कडी लावतात. दोन-तीन दिवसांनी ते बँकेत जातात, खिशात मोबाइल चालूच असतो, आणि आयुष्यभराची मुदत ठेव मोडून ती रक्कम 'तपासणीसाठी' एका खात्यात भरतात. पैसा निर्दोष ठरला की तो परत मिळणार असतो.

या गृहस्थांना येथे नाव दिलेले नाही, कारण हा अनुभव कोणा एकाचा नव्हे. दिल्लीपासून केरळपर्यंत नोंदल्या गेलेल्या तक्रारींतून हाच क्रम, कधीकधी हीच वाक्ये, पुन्हा पुन्हा आढळतात. कधी आरंभ दूरसंचार खात्याऐवजी कुरिअरच्या पार्सलाने होतो: परदेशी पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ आणि बनावट पारपत्रे सापडली, असे सांगण्यात येते. कधी पोलिसांच्या जागी केंद्रीय अन्वेषण विभाग, सक्तवसुली संचालनालय किंवा सीमाशुल्क खाते असते. नाटकातील पात्रे बदलतात, संहिता बदलत नाही. या प्रकाराला लोकव्यवहारात 'डिजिटल अरेस्ट' असे नाव पडले आहे. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात डिजिटल अटक आणि तत्सम गुन्ह्यांची १,२३,६७२ प्रकरणे नोंदली गेली व त्यांत सुमारे १,९३५ कोटी रुपये लुबाडले गेले. वृत्तपत्रांत कोट्यवधी रुपये गमावलेल्यांच्या कथा छापल्या जातात, म्हणून हे श्रीमंतांचे दुखणे आहे असा समज होतो. वरील आकड्यांचा भागाकार केला तर दर प्रकरणी रक्कम दीड लाखाच्या आसपास येते. दीड लाख म्हणजे एखाद्या घरातील लग्नासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी जपून ठेवलेली पुंजी.

कायद्याचे उलटे प्रतिबिंब

अशा फसवणुकीविषयी बोलताना सामान्यतः असे सांगितले जाते की, भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची तरतूदच नाही. हे खरे आहे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील मासिक भाषणात हेच सांगितले होते. परंतु केवळ 'अशी तरतूद नाही' एवढे कळल्याने भ्यालेल्या माणसाचे समाधान होत नाही. कायदे रोज बदलतात, आपल्याला ठाऊक नसलेली एखादी नवी तरतूद झालीही असेल, असे त्याला वाटते, आणि पलीकडचा तोतया तसेच भासवत असतो. म्हणून खरी अटक कशी होते, हे थोडक्यात पाहणे अधिक उपयोगाचे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ४३ प्रमाणे, ज्याला अटक करावयाची तो शब्दाने वा कृतीने स्वतः ताब्यात येत नसेल तर पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा त्याला प्रत्यक्ष अडकवून ठेवले पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही; तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. कलम ३६ सांगते की, अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट वाचता येईल असे असावे, अटकेचे टिपण जागेवरच तयार व्हावे आणि त्यावर साक्षीदार म्हणून कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित नागरिकाची सही असावी. कलम ४८ अन्वये अटकेची माहिती आरोपीच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते.

ही कलमे शेजारीशेजारी ठेवून वाचली की त्यांमागचा एकच विचार स्पष्ट होतो. राज्यसत्तेच्या हाती सापडलेला माणूस एकटा पडू नये. त्याच्या घरच्यांना कळावे, शेजाऱ्याने सही करावी, वकिलाने यावे, न्यायाधीशाने त्याला डोळ्यांनी पाहावे. तोतया अधिकारी नेमके याच्या उलट करतो. तो घरच्यांना कळू देत नाही, शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवतो, वकिलाचे नाव काढू देत नाही. आरशात उजव्याचे डावे दिसावे तशी ही अटक असते. म्हणूनच तोतया ओळखण्यासाठी गणवेश, शिक्का वा भाषा तपासत बसण्याचे कारण नाही. त्या साऱ्यांची नक्कल होऊ शकते. 'कोणाला सांगू नका' हे एक वाक्य पुरेसे आहे. कोणत्याही खऱ्या अधिकाऱ्याला, कोणत्याही गुन्ह्यात, ते अटक झालेल्याला सांगता येत नाही.

या नियमांचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९८६ साली पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्य संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र देशाच्या सरन्यायाधीशांना पाठवले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने चौकशी चालवली, आणि डिसेंबर १९९६ मधील निकालात अटकेच्या वेळी पाळावयाच्या सूचना घालून दिल्या. नावाची पट्टी, अटकेचे टिपण, नातेवाइकाला खबर, हे सारे त्यांत होते. पुढे त्यांतील बराच भाग कायद्यात उतरला. खऱ्या पोलिसांच्या अतिरेकापासून नागरिकाचे रक्षण व्हावे म्हणून जे नियम झाले, तेच आता खोट्या पोलिसांपासून त्याचे रक्षण करू शकतात, हा योग त्या वेळी कोणाच्या कल्पनेतही नसेल. आणखी एक साम्य असे की, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली, तीही एका पत्रावरूनच. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना फसवण्यात आले होते. त्यांनी ते न्यायालयाला लिहून कळवले. त्याच वर्षी १ डिसेंबरला न्यायालयाने या गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

शहाणी माणसे का फसतात?

अशा बातम्या वाचून 'शिकलेली माणसे असून इतकी भोळी कशी?' असा उद्गार हमखास निघतो. हा उद्गार चुकीचा आहे, आणि तो घातकही आहे. त्याचे कारण पुढे येईल. फसलेल्यांत डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, इतकेच काय सेनाधिकारीही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना अशाच प्रकारे सात कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्यासाठी तर पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवले गेले आणि तोतया सरन्यायाधीशांनी 'सुनावणी' घेतली. पोलिसांनी वेळीच हालचाल केल्यामुळे त्यांतील सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळवता आले. हजारो माणसांचा कारभार सांभाळणाऱ्या, आयुष्यभर करारपत्रे वाचलेल्या माणसाच्या बाबतीत भोळेपणाचे स्पष्टीकरण टिकत नाही.

अधिक पटण्याजोगे स्पष्टीकरण मानसशास्त्रातील एका जुन्या प्रयोगात सापडते. १९६६ साली चार्ल्स हॉफलिंग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेला दूरध्वनी येई. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवी; परिचारिकेने त्याला कधी पाहिलेले नसे. तो एका रुग्णाला विशिष्ट औषध वीस मिलिग्रॅम द्यायला सांगे. औषधाच्या डबीवर स्पष्ट लिहिलेले होते की दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. दूरध्वनीवरून औषधाचे हुकूम घेऊ नयेत, असा रुग्णालयाचा नियमही होता. असे असता बावीसपैकी एकवीस परिचारिका ते औषध द्यायला निघाल्या. त्यांना वाटेत थांबवावे लागले. (औषध अर्थातच निरुपद्रवी होते.) या परिचारिका अज्ञान नव्हत्या. दुसऱ्या परिचारिकांना नुसते विचारले असता बहुतेकींनी 'आम्ही असे कधीही करणार नाही' असेच उत्तर दिले होते. अधिकाराचा आवाज आणि घाई एकत्र आली की माणूस विचार करण्याऐवजी आज्ञापालन करतो. जबाबदारीच्या जागी आयुष्य काढलेल्यांना तर पालनाची सवयच अधिक असते. सरकारी कागद गांभीर्याने घेणे हा त्यांचा गुण आहे. तोतया त्या गुणावर हात ठेवतो.

यात दुसरी गोष्ट मिसळते, ती कालावधीची. जुन्या पद्धतीची दूरध्वनी-फसवणूक पाच मिनिटांत संपत असे. झारखंडातील जामताडा जिल्ह्याचे नाव त्यामुळे देशभर गाजले. 'आपले एटीएम कार्ड बंद होत आहे' असे सांगून कार्डाचा व ओटीपीचा क्रमांक काढून घ्यायचा आणि खाते रिकामे करायचे, एवढाच तो डाव. (ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या करमाटांडमध्ये संथाळांच्या सेवेत घालवली, ते याच जिल्ह्यात आहे. एका परिसराच्या नशिबी अशा दोन कीर्ती याव्यात, हे चमत्कारिकच.) तेव्हा पैसा नकळत जाई. डिजिटल अटकेत तो माणसाकडून त्याच्याच सहीने, त्याच्याच हाताने काढून घेतला जातो. त्यासाठी दिवसच्या दिवस त्याला झोपू न देणे, जेवणासाठीही परवानगी मागायला लावणे, दर तासाला 'मी येथेच आहे' असा संदेश पाठवायला लावणे, असे उपाय योजले जातात. तिसऱ्या दिवशी त्याची अवस्था अशी होते की, जगात बोलण्यासारखी एकच व्यक्ती उरते, आणि ती म्हणजे त्याला लुटणारा.

'आई, मी बोलतोय'

याच फसवणुकीची दुसरी शाखा थेट आईबापांच्या मायेवर चालते. दुपारी आईला दूरध्वनी येतो. पडद्यावर पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र असते, क्रमांक बहुधा परदेशी असतो. "तुमचा मुलगा मित्रांबरोबर बलात्काराच्या प्रकरणात सापडला आहे. प्रसारमाध्यमांना कळण्याआधी मिटवायचे असेल तर आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा." मागून रडण्याचा आवाज येतो, "आई, मला वाचव!" हुंदक्यांत सगळे आवाज सारखेच वाटतात; त्यातून आता संगणकाच्या साहाय्याने थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून हुबेहूब आवाज घडवणेही शक्य झाले आहे. आई विचारत नाही की तो आवाज कोणाचा. ती विचारते, "किती पाठवू?"

हा प्रकार एकट्या भारतातला नाही. जपानमध्ये या शतकाच्या आरंभापासून त्याने मूळ धरले. तेथे त्याला 'ओरे ओरे' फसवणूक म्हणतात; 'ओरे' म्हणजे 'मी'. बोलणारा आपले नाव सांगतच नाही, फक्त 'मी, मी बोलतोय' एवढेच म्हणतो. घाबरलेली वृद्ध आई स्वतःच मुलाचे नाव उच्चारते आणि तेथून पुढे तो मुलगाच होतो. २०१३ मध्ये टोकियो पोलिसांनी लोकांकडून नवे नाव मागवले, तेव्हा 'आई, मला वाचव' या अर्थाचे नाव निवडले गेले. नावाने गुन्हा थांबला नाही. अधिक परिणाम झाला तो साध्या अडथळ्यांचा. २००७ पासून तेथे यंत्रावरून रोख भरून दुसऱ्याच्या खात्यात पाठवण्याच्या रकमेला एक लाख येनची मर्यादा घालण्यात आली. त्याहून मोठी रक्कम रोखीने पाठवायची तर बँकेच्या खिडकीपाशी जावे लागते आणि तेथला कर्मचारी विचारतो, "कशासाठी?" हा प्रश्न म्हणजेच एकटेपणाला पडलेली पहिली भेग. आपल्याकडेही मुदत ठेव मोडायला आलेल्या थरथरत्या ग्राहकाला बँकेतील एखाद्या सजग कर्मचाऱ्याने बाजूला बसवून, पाणी देऊन, हाच प्रश्न विचारला आणि फसवणूक टळली, असे अनेक ठिकाणी घडले आहे. अर्थात ग्राहकाला उत्तर आधीच पढवलेले असते. 'मुलाला घर घ्यायचे आहे' असे तो सांगतो. अशा वेळी 'मुलाशी बोलून घेऊ या का?' असे विचारणारा कर्मचारी बँकेच्या नियमांपलीकडचे काम करीत असतो.

पलीकडे कोण असते?

गणवेश चढवून बोलणारा पुष्कळदा भारताबाहेर असतो. म्यानमारमधील म्यावाडी, कंबोडिया आणि लाओस येथे कुंपण घातलेल्या वसाहतींतून हा धंदा चालतो. तेथील बोलणाऱ्यांत भारतीय तरुणही आहेत. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी देतो, असे सांगून त्यांना नेले जाते, पारपत्र काढून घेतले जाते आणि मारहाणीच्या धाकाने देशबांधवांना फसवायला बसवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मधील अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक असे अडकले असावेत, असा अंदाज दिला होता. मार्च २०२५ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरून ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. त्यांतील कोण स्वखुशीने गेला होता आणि कोण फसून, हे ठरवणे सोपे नसते. पण फसवणाऱ्याच्या घरीही कोणी आई दूरध्वनीची वाट पाहत असते, ही गोष्ट विसरता येत नाही.

पैसा मात्र प्रथम भारतातच फिरतो. तो ज्या खात्यांत जातो ती भाडोत्री खाती असतात. हमाल, विद्यार्थी, बेकार तरुण यांनी पाच-दहा हजारांच्या लोभाने आपले खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेले असते. काही मिनिटांत रक्कम एका खात्यातून दहा, दहांतून पन्नास खात्यांत विखुरते. पुढे ती रोखीने काढली जाते किंवा आभासी चलनात बदलली जाते. पोलीस शोध घेत येतात ते पहिल्या खातेदाराच्या दारी. म्हणून कुटुंबाच्या संरक्षणाचा विचार करताना घरातील वृद्धांइतकाच घरातील महाविद्यालयीन मुलाचाही विचार करावा लागतो. 'मित्राला चार दिवस खाते वापरायला दिले' हे वाक्य न्यायालयात निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील न्यायालयाने डिजिटल अटकेच्या एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप दिली. अशा गुन्ह्यातील देशातील ती पहिली शिक्षा मानली जाते.

पैसा असा वेगाने विखुरत असल्यामुळे तक्रारीची घटका महत्त्वाची. केंद्रीय गृह मंत्रालयाची १९३० या क्रमांकाची हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तेथे रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा क्रमांक सांगितला की ती माहिती एकाच वेळी संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम जेथे पोहोचली असेल तेथे गोठवण्याचा प्रयत्न होतो. २०२५ च्या मध्यापर्यंत या व्यवस्थेमुळे देशभरात पाच हजार कोटींहून अधिक रुपये वाचवता आले. पहिल्या एक-दोन तासांत कळवले तर आशा बरीच असते; दुसऱ्या दिवशी ती फार कमी उरते. परंतु त्या पहिल्या तासांतच माणूस तक्रार करीत नाही, कारण आपण फसलो हेच त्याला ठाऊक नसते, आणि कळते तेव्हा तो ते सांगत नाही.

घरातला विचार

न सांगण्याचे कारण लज्जा हे आहे. आणि या लज्जेत घरच्यांचाही वाटा असतो. वडिलांनी मागे कधी दोन हजारांचा चुकीचा व्यवहार केला, तेव्हा मुलाने सर्वांसमोर म्हटलेले असते, "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगायचे? तुम्ही मोबाइलला हातच लावू नका." तेव्हा वडील हसले, गप्प बसले. पुढे पोलिसाचा आवाज 'मुलांना सांगू नका' असे बजावतो, तेव्हा त्या आज्ञेला घरातूनच पाठबळ मिळालेले असते. मुलांना कळण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असे वाटणारे वृद्ध थोडे नाहीत. तोतयाने लावलेली कडी पुष्कळदा आधीच अर्धी सरकवलेली असते.

म्हणून जी कुटुंबे याविषयी आगाऊ बोलून ठेवतात, त्यांनी यंत्रांपेक्षा बोलण्याचा विचार आधी करावा. परका क्रमांक दाखवणारी किंवा अडवणारी साधने उपयोगी आहेत, पण ती चुकतात. एखादा परवलीचा शब्द ठरवणे अधिक भरवशाचे: घरातील कोणी संकटात असल्याचा दूरध्वनी आला तर तो शब्द विचारायचा. तो पाळीव कुत्र्याचे नाव किंवा गावाचे नाव नसावा, कारण अशा गोष्टी हल्ली सर्वांना ठाऊक असतात. लहानपणच्या एखाद्या फजितीची आठवण चालेल, जी फक्त घरालाच माहीत आहे. शब्द आठवलाच नाही तर दूरध्वनी ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा. खरा अधिकारी दहा मिनिटे थांबतो. ठराविक रकमेपुढचा कोणताही व्यवहार घरातील एका माणसाला सांगितल्याशिवाय करायचा नाही, असा नियम करता येतो. मात्र तो वृद्धांपुरता नव्हे, सर्वांसाठी हवा. मुलगाही आपला मोठा व्यवहार वडिलांना सांगत असेल तर वडिलांना तो पहारा वाटत नाही. एकट्या राहणाऱ्यांच्या बाबतीत हे काम शेजारी करू शकतो. दोन दिवस दूध बाहेरच राहिले, नेहमी फिरायला येणाऱ्या काकू दिसल्या नाहीत, दार वाजवले तर आतून दबक्या आवाजात 'आज बरे नाही' एवढेच उत्तर आले, तर तेथेच न थांबणारा शेजारी हवा.

आणि पैसे गेलेच, तर पहिले वाक्य कोणते बोलायचे, हेही ठरवून ठेवण्यासारखे आहे. 'असे कसे केलेत?' हा प्रश्न त्या घरात पुढे वर्षानुवर्षे घुमत राहतो. या फसवणुकीनंतर काहींनी अंथरूण धरले, काहींनी जीवनच संपवले, अशा नोंदी आहेत. 'बरे झाले सांगितलेत, चला आधी १९३० लावू' असे म्हणणाऱ्या सुनेने किंवा नातवाने रकमेपेक्षा मोठी गोष्ट वाचवलेली असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकाला त्याच्याच घरातील खोलीत अशी अटक झाली होती. सुमारे सहा तास तो कॅमेऱ्यासमोर बसून होता. पलीकडचे अधिकारी त्याच्या खात्यांचा तपशील विचारीत होते. खबर मिळून राज्याच्या सायबर पोलिसांचे पथक घरी पोहोचले, तेव्हा ही चौकशी चालूच होती. पथकातील खरे अधिकारी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या माणसांना त्यांनी त्यांची ओळखपत्रे दाखवायला सांगितले. पडदा काळा झाला.